फ्रेंच माणूस आणि आप्पांचे कान

मंगळवारी तो फ्रेंच माणूस पुन्हा येतोय. शेठनी शनिवारी खाली बोलावून सांगितलं, "बेन, पेला फ्रान्सवाळा भाई पाछा आवे छे. गया वखत जेवुं ज करवानुं." मागच्या वेळेसारखंच सगळं करायचं. मी मान डोलावली, जिना चढून वर आले. मागच्या वेळी मी काय केलं ते शेठना ठाऊकच नाही.

हा कारखाना पडद्याच्या कापडाचा. वरच्या ऑफिसात मी परदेशी गिऱ्हाइकांची पत्रं बघते, कारण आमच्या लिंबायतच्या गल्लीत इंग्रजी बोलायला न लाजणारी पहिली मुलगी मीच. खाली पुढच्या हॉलमध्ये नवी यंत्रं आहेत, मागच्या हॉलमध्ये जुने लूम. त्या मागच्या हॉलमध्ये माझे वडील मिस्तरी आहेत, बंद पडलेला लूम चालू करणारे. माझ्या जन्माआधी ते अमळनेरकडून सुरतला आले आणि तेव्हापासून लूमच्या खडखडाटातच उभे आहेत. घरी आम्ही त्यांना आप्पा म्हणतो.

आप्पांना ऐकू येत नाही. हे एकदम झालं नाही. आधी दाराची कडी ऐकू येईनाशी झाली, मग कुकरची शिट्टी, मग माय. मायला सुरुवातीला वाटलं, मुद्दाम करताहेत. दोन दिवस ती त्यांच्याशी बोलली नाही आणि त्यांना ते कळलंही नाही. पुढे आम्हा दोघींच्या लक्षात आलं, पण कारखान्यात मात्र कुणाला पत्ता नव्हता. याला कारण लूमच. मागच्या हॉलमध्ये यंत्रं चालू असताना तरण्या कानांनाही काही ऐकू येत नाही. तिथे सगळे एकमेकांचे ओठ वाचतात, खांद्याला हात लावतात, बोटांनी खुणा करतात. अशा ठिकाणी बहिरा माणूस कोण आणि ऐकणारा कोण, कसं ओळखणार? बाकीचे मिस्तरी आवाजावरून बिघाड सांगतात. आप्पा लूमच्या लोखंडावर तळहात टेकवतात, डोळे मिटतात आणि कुठला बोल्ट सैल आहे ते सांगतात. त्यांचा हात कधी चुकल्याचं मी ऐकलं नाही.

पण शेठना कळलं असतं तर हात कुणी बघितला नसता. आदल्या वर्षी एका वयस्कर कारागिराला नीट दिसत नाही हे उघडकीला आलं, तेव्हा शेठनी त्याला हार घातला, नारळ दिला, पाया पडून घरी पाठवलं. शेठ वाईट माणूस नाही. म्हणूनच जास्त भीती वाटायची. वाईट माणसाशी भांडता येतं, पाया पडणाऱ्याशी कसं भांडणार? त्या कारागिराला मी नंतर गल्लीच्या तोंडाशी बसलेला बघायची, मांडीवर रिकामे हात ठेवून. आप्पा तिथून जाताना दुसऱ्या बाजूने जायचे.

तर मागच्या वर्षी कळलं की आमचं कापड घेणाऱ्या फ्रान्सच्या कंपनीचा माणूस कारखाना बघायला येणार. कारागिरांना कसं वागवलं जातं, यंत्रं सुरक्षित आहेत का, हे तपासायला. त्याच्या होकारावर पुढचं काम ठरणार. झालं! त्या दिवसापासून प्रत्येक जण फ्रेंच लोकांमधला जाणकार झाला.

शेठचे साडू हिऱ्यांच्या धंद्यात, अँटवर्पला राहतात. तिथून त्यांचं पॅरिसला जाणं-येणं. त्यांनी फोनवर निकाल देऊन टाकला: फ्रेंच माणूस जगात सगळ्यात घमंडी, इंग्रजी येत असून बोलत नाही, दुकानात गेलं तर गिऱ्हाइकालाच नोकर समजतो. ते ऐकून शेठनी मला बजावलं, "आ लोको कारीगर सामे जोशे पण नहीं." हे लोक कारागिरांकडे बघणारसुद्धा नाहीत. चहाच्या टपरीवर वेगळंच ज्ञान. एक जण म्हणे, ते आठवडा आठवडा अंघोळ करत नाहीत, नुसतं अत्तर मारतात. दुसरा म्हणे, बायका-पुरुष सगळे गालाला गाल लावतात, तेव्हा बेन, तुम्ही जरा लांबच राहा. यावर सगळी टपरी हसली आणि मी ग्लास ठेवून निघून आले. माझ्याकडेही शाळेच्या पुस्तकातलं भांडवल होतंच: राजाचं मुंडकं उडवणारे लोक, आणि घोड्यावर बसून अर्धा युरोप तुडवणारा त्यांचा सेनापती.

आप्पांचं मत टीव्हीवरून तयार झालं होतं. आपण फ्रान्सकडून लढाऊ विमानं घेतली तेव्हा प्रत्येक चॅनेलवर दिवसभर तीच विमानं घिरट्या घालत होती. आप्पांना आवाजाची गरज नव्हती, ते नुसते बघत बसायचे. एवढं गुळगुळीत यंत्र त्यांनी आयुष्यात बघितलं नव्हतं. मी त्यांना फ्रेंच माणूस येणार हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "ज्यासनाकडे असा इमानं शेतस, त्या आपला मांघला हॉलमा कसाले येतीन?" ज्यांच्याकडे असली विमानं, ते आपल्या मागच्या हॉलमध्ये कशाला येतील! मलाही ते पटलं. किंबहुना सगळी तयारी आम्ही याच समजुतीवर केली. घमंडी माणूस पुढची नवी यंत्रं बघेल, ऑफिसात बसेल, काजू खाईल, सही करेल. शेठनी सगळ्यांना ताकीद दिली की पाहुणा आला की मान खाली, हात कामावर, तोंडातून शब्द नाही. आमच्याकडे मोठ्या माणसासमोर असंच वागतात. त्याच्याकडे बघत राहणं म्हणजे उद्धटपणा, आणि आपण होऊन बोलणं त्याहून जास्त. कुणाला हे वेगळं शिकवावं लागलं नाही. मी आप्पांना मागच्या हॉलमध्ये अगदी शेवटच्या लूमपाशी राहायला सांगितलं.

तो आला तो चुरगळलेल्या शर्टात. अत्तराचा वासबिस काही नाही. बुटांवर आमच्याच रस्त्याची धूळ. मी पुढे होऊन घाईघाईत, जसं आपण बोलतो तसं, थेट कामाचं विचारलं: सर, आधी काय बघणार? तो थांबला. माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "बोंझूर." मी पुन्हा विचारलं. त्याने पुन्हा तेच, हसून, पण हलायला तयार नाही. शेवटी मी "बोंझूर सर" म्हटलं तेव्हा कुठे गाडी पुढे सरकली. मनात म्हटलं, साडूंचं खरंच आहे, नाकावर माशी बसू देत नाही. इथे पाच लाख मीटर कापडाच्या ऑर्डरचं गणित आणि ह्याला नमस्काराची पडलीय!

हॉलमध्ये शिरल्यावर मात्र माझ्या तोंडचं पाणी पळालं. तो पहिल्या कारागिरापाशी थांबला, हात पुढे केला आणि "नमस्ते" म्हणाला. कारागिराने ताकिदीप्रमाणे मान आणखी खाली घातली. हा थांबून राहिला. मग दुसऱ्यापाशी. मग तिसऱ्यापाशी. ओळीतला एकही माणूस सोडायचा नाही, असं ठरवूनच आला असावा. प्रत्येकासमोर हात पुढे, "नमस्ते", आणि उत्तराची वाट. समोरून उत्तर नाही. दहाव्या-बाराव्या माणसापर्यंत त्याचे कान लाल झाले. शेठ हसत होते, पण त्यांचा रुमाल सारखा मानेवरून फिरत होता.

तो माझ्या कानाशी वाकून इंग्रजीत ओरडला, "हे लोक घाबरलेत का? की माझ्यावर रागावलेत?"

मी म्हटलं, नाही सर, मान देताहेत.

त्याचा विश्वास बसला नाही, हे चेहऱ्यावर लिहिलेलं होतं. त्याच्या टॅबवर त्याने काहीतरी टिपलं. त्या क्षणी मला कळायला हवं होतं की आपण माणूस ओळखायला चुकलोय. पण मला एवढंच दिसत होतं की हा असाच एकेकाला भेटत गेला तर मागच्या हॉलमध्येही जाणार, शेवटच्या लूमपर्यंत जाणार आणि आप्पांसमोर उभा राहून उत्तराची वाट बघणार.

आणि तो गेलाच. शेठ म्हणाले, तिथे जुनी यंत्रं आहेत, धूळ आहे. त्याने मान हलवली आणि चालत राहिला.

आप्पा लूमखाली अर्धे वाकलेले होते. पाठ आमच्याकडे. तो मागे जाऊन उभा राहिला, "नमस्ते" म्हणाला. यंत्रं चालू होती, त्यामुळे आप्पांनी ऐकलं नाही यात कुणाला काही वाटायचं कारण नव्हतं. मी पटकन पुढे झाले, आप्पांच्या खांद्याला हात लावला. ते वळले. समोर गोरा माणूस, हात पुढे केलेला. आप्पांचे दोन्ही हात तेलाने काळे. क्षणभर ते गोंधळले. मग लूमवरचे लोक करतात तेच त्यांनी केलं. हाताची मूठ वळून खाली घातली आणि मनगट पुढे केलं, म्हणजे समोरच्याचा हात खराब होऊ नये. शेठचा चेहरा पडला. एवढ्या मोठ्या पाहुण्याला मनगट दाखवतात!

फ्रेंच माणसाने एका सेकंदाचाही वेळ घेतला नाही. त्याने मनगट पकडलं आणि गदगदा हलवलं. इतक्या वेळात पहिल्यांदा त्याच्या चेहऱ्यावर खरं हसू आलं. तो मला ओरडून म्हणाला की त्याच्या वडिलांचं गावात ट्रॅक्टर दुरुस्तीचं गॅरेज होतं, आणि हात काळे असले की तेही असंच मनगट द्यायचे. तिकडे सगळेच मिस्तरी देतात. मला ते ऐकून इतकं बरं वाटलं की मी आप्पांकडे बघून हसले. वाटलं, सुटलो.

मग त्याने शेठकडे वळून हाताने खूण केली: यंत्रं बंद करा, मला यांच्याशी बोलायचंय.

एकेक लूम थांबला. त्या हॉलमधली शांतता मी कधीच ऐकली नव्हती. कुणीतरी खोकलं तेही दचकल्यासारखं वाटलं. आणि त्या शांततेत आप्पा मोठ्याने, लूम चालू असतानाच्या आवाजात, यंत्रं का थांबवली म्हणून माझ्यावर ओरडले, "कसाले बंद कयात व्हं?"

सगळा हॉल त्यांच्याकडे बघायला लागला. लूम थांबल्याचं त्यांना पायाखालच्या थरथरीवरून कळलं होतं, पण आपला आवाज केवढा आहे ते कसं कळणार? मी ओठांनीच, आवाज न काढता म्हटलं, आप्पा, हळू. ते गप्प झाले.

त्याने विचारलं, किती वर्षं काम करताय? मी मुद्दाम दोघांच्या मध्ये उभी राहिले, आप्पांकडे तोंड करून, आणि अहिराणीत विचारलं, प्रत्येक अक्षर ओठांवर नीट ठेवून. "कितला साल व्हयनात?" आप्पांनी बरोबर उत्तर दिलं. दुसरा प्रश्न, तिसरा प्रश्न, सगळी उत्तरं बरोबर. मग तो सहज चालल्यासारखा फिरला, आप्पांच्या मागे गेला आणि अगदी साध्या आवाजात म्हणाला, "नमस्ते, सर."

आप्पा माझ्याकडे बघून हसत राहिले.

मी ओठ हलवले. मांगे. मागे बघा. आप्पा वळले आणि मोठ्या अदबीने मान लववली. शेठना काही कळलं नाही, ते फोनकडे बघत होते. पण तो माणूस माझ्याकडे बघत होता.

ऑफिसात जेवण झालं. जेवताना तो कामाचा चकार शब्द बोलला नाही. शेठ दर दोन घासांनी ऑर्डरकडे विषय वळवत आणि तो दर वेळी वाटीतल्या आमटीचं कौतुक करी. जेवणात कामाचं बोलणं त्यांच्याकडे असभ्य समजतात, हे मी खूप नंतर वाचलं. शेठ हात धुवायला उठले तेव्हा आम्ही दोघंच उरलो. मग त्याने हळू आवाजात विचारलं.

"त्या मिस्तरींना ऐकू येतं?"

मी म्हटलं, येतं.

"मला अडचणीत आणायचं नाही कुणाला," तो म्हणाला. "कामाने कान गेले असतील तर तपासणी आणि कानाच्या यंत्राचा खर्च कारखान्याने करायचा असतो. कामावरून काढता येत नाही. माझ्या अहवालात ते आलं की ते त्यांना करावंच लागेल. मी दुसरीकडे करून घेतलंय. म्हणून पुन्हा विचारतो."

हे बोलणं मला आजही शब्दन् शब्द आठवतं. त्या वेळीही ते मी नीट ऐकलं होतं, माझे कान शाबूत आहेत. पण मी त्याच्याकडे बघत होते आणि मला तो चुरगळलेला शर्ट दिसत नव्हता. मला साडू ऐकू येत होते, टपरी ऐकू येत होती, टीव्हीवरची ती विमानं दिसत होती. वाटलं, गोड बोलणं हा तर यांचा धंदा. बोंझूर म्हणतात, हात मिळवतात, आणि तसंच हसत हसत बॉम्ब टाकणारी विमानं विकतात. हा उद्या निघून जाईल, आप्पांच्या गळ्यात हार पडेल. एका मिस्तरीसाठी हा कशाला काही करील? मागच्या हॉलमध्ये तो येणार नाही असं मला वाटलं होतं आणि तो आला होता. एवढं एकच मी आठवलं असतं तरी पुरलं असतं.

"ऐकू येतं सर," मी म्हटलं. "चांगलं ऐकू येतं. ते माझे वडील आहेत, मला माहीत असणारच."

त्याने टॅब जवळ ओढला. मग म्हणाला, "ठीक आहे. तुम्ही त्यांच्या कन्या आहात." आणि त्याने टॅबवर बोट टेकवून तसंच नोंदवलं.

दोन महिन्यांनी अहवालावरून कामं सुरू झाली. पुढच्या हॉलमध्ये ओडिशाचा एक कारागीर होता, त्याचा एक कान गेलेला. त्याच्या मुकादमाने त्या दिवशी खरं सांगून टाकलं होतं, भोळेपणाने. त्याची तपासणी झाली, कानाला यंत्र मिळालं आणि कापड तपासायच्या शांत खोलीत त्याला बसवलं. शेठ कुरकुरले, पण केलं. पहिल्या दिवशी तो माणूस पंख्याच्या आवाजाकडे बघत होता, वर मान करून, हसत. मी फाइल घेऊन दारात उभी होते. मला तिथे उभं राहवलं नाही, मी जिन्यात जाऊन रडले. स्वतःचा इतका राग मला आधी कधी आला नव्हता.

बाकी सगळ्यांना, ज्यांचे कान चांगले आहेत त्या सगळ्यांना, नारिंगी रंगाचे रबरी बोळे मिळाले. कानात घालायचे, म्हणजे लूमच्या आवाजाने कान जाऊ नयेत. कारागिरांना ते नकोसे वाटतात. खाज येते म्हणतात, खिशात ठेवतात, शेठ दिसले की घालतात. आप्पा मात्र रोज घालतात. सकाळी फाटकातून आत शिरताना थांबतात, डबा पायाशी ठेवतात, आधी डावा, मग उजवा, बोटाने नीट दाबून. संध्याकाळी काढतात, धुतात आणि मायच्या कुंकवाच्या जुन्या डबीत ठेवतात. शेठ दुसऱ्यांना त्यांचं उदाहरण देतात.

किती महिने मी ते नुसतं बघितलं. परवा रविवारी ते ओट्यावर बोळे धूत बसले होते. मी समोर जाऊन बसले आणि विचारलं, आप्पा, ह्या कसाले घालतस?

त्यांनी बोळा धोतराला पुसला. "तू सांगेल शे ना त्यासले," ते म्हणाले, "माले ऐकाले येस म्हनीसन."

आप्पांना ऐकू येतं असं मी त्या फ्रेंच माणसाला सांगितलंय, हे त्यांना माहीत होतं. त्या दिवशी मी ऑफिसातून खाली आले तेव्हाच त्यांनी माझ्या तोंडावरून वाचलं असणार. मी त्यांना ऐकणारा माणूस म्हणून लिहून दिलं होतं, आणि आपल्या पोरीचा शब्द खोटा पडू नये म्हणून ते इतके महिने बहिऱ्या कानांत बोळे घालत होते.

मंगळवारी तो आला की आधी मी बोंझूर म्हणणार आहे, त्याने म्हणायच्या आत. मग त्याला मागच्या हॉलमध्ये घेऊन जाणार आहे, शेठना सोबत घेऊन, शेवटच्या लूमपर्यंत. काय बोलायचं ते मी इंग्रजीत पाठ केलंय. आप्पांना मी अजून सांगितलेलं नाही. ते तिथे माझ्यासमोरच उभे असतील, बोळे घालून, माझ्या ओठांकडे बघत.